देवूच्या नावावरचं शिक्षण

होडी शाकारून झाली तेव्हा दुपार कलली होती. आत्माराम तांडेलाची होडी मुरबे गावात दर वर्षी सगळ्यांच्या मागून किनाऱ्यावर चढायची. यंदा तर जून निम्मा सरला, दोन-तीन जोरदार सरी येऊन गेल्या, तेव्हा कुठे तिच्यावर झावळ्यांचं छप्पर पडलं. खलाशी जेवून, पान तोंडात घालून आपापल्या घरी गेले आणि ओटीवर घरचीच माणसं उरली. आत्माराम खांबाला पाठ टेकून बसला होता. त्याची थोरली बहीण गोदूबाई सकाळच्या तरीतून खाडी ओलांडून सातपाटीहून आली होती. ती सुपारी कातरत होती. धाकटा भाऊ रामनाथ बोयसरजवळ बेटेगावात राहायचा आणि तारापूरच्या अणुवीज प्रकल्पावर स्टोअरकीपर होता. तो मघापासून खलाशी जाण्याची वाट बघत होता. त्याच्याजवळ बातमी होती, आणि ती बाहेरच्यांसमोर सांगायची नव्हती.

"गुरुवारी सकाळच्या गाडीने मंगीला मुंबईला नेतो," तो म्हणाला. "मेडिकलच्या अॅडमिशनचं बघायला. आमच्या डॉक्टरसाहेबांनी त्यांच्या वर्गमित्राला सांगून ठेवलंय. हॉस्टेलचंही होईल."

आमचे डॉक्टरसाहेब म्हणजे बोयसरचे डॉक्टर. आत्मारामची मुलगी मंगला मे महिनाभर रामनाथकडे राहून त्यांच्या दवाखान्यात हाताखाली काम करत होती. ती व्यवस्था रामनाथनेच केली होती. मंगला इंटर सायन्सला पहिल्या वर्गात आली, तेव्हा त्याने प्रकल्पावरच्या पंजाबी इंजिनियरापासून तमिळ वेल्डरपर्यंत सगळ्यांना पेढे वाटले होते. "भतीजी डॉक्टर बनेगी," असं तो सांगायचा, आणि ऐकणारा पेढा खाता खाता मान डोलवायचा.

चंद्रकांता चहा घेऊन दारात आली होती. तिने दिराचं बोलणं ऐकलं आणि ताट हातात धरूनच ती थबकली.

"आठ वरसं झाली," एवढंच ती म्हणाली.

कशाला आठ वर्षं झाली हे त्या ओटीवर कोणाला विचारावं लागलं नाही. आत्मारामने मान खाली घातली. गोदूबाईचा अडकित्ता थांबला. या घरात गेलेल्या थोरल्या मुलाचं, देवूचं, नाव फारसं कोणी काढत नसे. चंद्रकांता तर कधीच नाही. त्याच्या नावाच्या जागी मंगलाचं शिक्षण आलं होतं. मंगीची परीक्षा, मंगीची फी, मंगी डॉक्टर झाली की, असं बोललं म्हणजे ते देवूबद्दलच बोलणं असायचं.

मंगला आईच्या मागून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो तिने काकापुढे ठेवला, आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "काका, मी मेडिकलला जाणार नाय."

रामनाथ हसला. "आता मस्करी नको."

"मस्करी नाय. मी बी.एस्सी. करणार. केमिस्ट्री घेऊन. हितंच, पालघरला."

चंद्रकांताने ताट जमिनीवर ठेवलं. कप हलले, पण सांडलं काही नाही. ती कोणाकडे न बघता घरात गेली, आणि मागचं दार उघडल्याचा आवाज आला.

आत्माराम उठायला लागला. गोदूबाईने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. "ऱ्हाऊ दे तिला जरा," ती म्हणाली.

गोदूबाईला मनातून बरंच वाटलं होतं. भाचीला सहा-सात वर्षं मुंबईत ठेवायचं, मग पंचविशीच्या बाईला नवरा शोधत हिंडायचं, हे तिला कधीच पटलं नव्हतं. सातपाटीला तिच्या शेजारी चिंतू मेहेरचा मुलगा होता, सोसायटीच्या लाँचवर इंजिन बघायचा, निर्व्यसनी होता. तिने मंगलाला हाताने ओढून जवळ बसवलं.

"बरं केलंस," ती हळूच म्हणाली. "मी सांगून थकले व्हते. आता त्या चिंतूच्या पोराला..."

"आत्ये, लग्नाला मी नाय म्हणत नाय. पण बी.एस्सी. आधी."

गोदूबाईने तिचा हात सोडला. "म्हंजे शिकायचं हायच."

"हायच."

"मंग डाक्टरीनं काय घोडं मारलं?"

तोच प्रश्न रामनाथच्या तोंडावर होता. तो रागावला नव्हता अजून. त्याला वाटत होतं, कुठेतरी गैरसमज आहे आणि नीट विचारलं तर निघून जाईल. "हे कोणी भरवलं तुझ्या डोक्यात?"

"कोणी नाय. बाईंनी फक्त एक विचारलं होतं, ते पण सगळ्या वर्गाला."

मार्च महिन्यातल्या शेवटच्या तासाला रसायनशास्त्राच्या सामंतबाई पुस्तक मिटून टेबलाला टेकून उभ्या राहिल्या होत्या. इंटरनंतर कोणता विषय घ्यावा, असं मुलं त्यांना विचारत होती. त्या म्हणाल्या, तुम्हाला कशात मार्क पडतात ते मला दिसतं, पण त्यावरून मी सांगणार नाही. सुटीत स्वतःला एकदा तपासा. कोणतं काम बिघडलं तरी पुन्हा करावंसं वाटतं, आणि कोणतं चांगलं जमलं तरी संपल्यावर सुटल्यासारखं वाटतं, ते बघा. फक्त बघताना स्वतःशी खोटं बोलू नका, ते सगळ्यात कठीण आहे.

मंगलाला तेव्हा वाटलं होतं, हा प्रश्न आपल्यासाठी नाही. ज्यांचं ठरायचं आहे त्यांनी त्यावर विचार करावा. तिचं तर दहाव्या वर्षीच ठरलं होतं.

"मग दवाखान्यात गेले," बाईंचा प्रश्न सांगून झाल्यावर ती पुढे बोलू लागली. "पहिले काय दिवस घाबरले. नंतर नाय. जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. एका बाईचं पोर होतं, तुमच्या प्रकल्पावर माती वाहते ती, आंध्रातली. पोराच्या पायाला गळू झालं होतं. डॉक्टर फोडत होते आणि मी पोराला धरलं होतं. त्यानं माझी वेणी घट्ट पकडली होती. ती बाई सारखी विचारत होती, ठीक हो जाएगा ना. मी सांगितलं, होईल. सगळं नीट केलं मी. आणि पूर्ण वेळ माझ्या मनात एकच होतं, दवाखाना कधी बंद होतोय."

"ते सगळ्यांचंच होतं," रामनाथ म्हणाला. "मला पण स्टोअर कधी बंद होतंय असं होतं. नोकरी म्हटली की ते आलंच."

"मला पण वाटलं तसं. म्हणून मी थांबले. महिना पुरा केला."

"आणि डॉक्टर मला स्वतः म्हणाले, पोरीचा हात हलका आहे. ते काय खोटं?"

"खरं हाय. जमतं मला, काका. जमतं म्हणून तर इतके दिवस कळलं नाय."

रामनाथने चहाचा कप उचलला आणि न पिता परत ठेवला.  जमत नाही म्हणणाऱ्याला धीर देता येतो. भीती वाटते म्हणणाऱ्याला सवय होईल असं सांगता येतं. जमतं पण नको, असं म्हणणाऱ्या माणसाला काय सांगायचं हे त्याला माहीत नव्हतं.

"आनि ते रसायन?" आत्माराम पहिल्यांदाच बोलला. "ते बिघडलं तर?"

मंगला वडिलांकडे वळली. "बिघडतंच, बाबा. जानेवारीत एका प्रॅक्टिकलला पावडर दिली होती, तिच्यात काय काय हाय ते शोधायचं होतं. माझं उत्तर चुकलं. परत केलं, परत चुकलं. सगळ्या मुली एस.टी. पकडायला गेल्या. मी थांबून पुन्हा केलं, शेवटी शिपायानं दिवे घालवले. त्या दिवशी माझी खाडीवरची तर चुकली होती."

आत्मारामला तो दिवस आठवला. ओहोटी लागली होती आणि तो दुसऱ्याच्या होडक्यातून पलीकडे जाऊन तिला घेऊन आला होता. एस.टी. बंद पडली, असं तिने सांगितलं होतं. तो वाटभर एस.टी.वाल्यांना शिव्या देत आला होता, आणि ही समोर बसून ऐकत होती.

"एस.टी. बंद पडली नव्हती तर," तो म्हणाला.

"नाय."

"आनि उत्तर आलं?"

"दुसऱ्या दिवशी. सकाळी लवकर जाऊन केलं."

हे सांगताना मुलीचा चेहरा बदलला, ते आत्मारामने पाहिलं. पण त्याला आनंद झाला नाही. त्याचं लक्ष मागच्या दाराकडे होतं. मुलीचं म्हणणं त्याला समजत होतं, आणि तरी ती आईला हे असं सगळ्यांसमोर बोलली याचा राग त्याच्या मनातून जात नव्हता. आधी आपल्याला एकट्याला सांगितलं असतं तर, असं त्याला वाटलं. मग वाटलं, सांगितलं असतं तर आपण काय केलं असतं? गप्प बस म्हणालो असतो.

रामनाथचा आवाज आता चढला. "मी दोन महिने सगळीकडे सांगत फिरलो. डॉक्टरांनी शब्द टाकलाय. आता मी त्यांना जाऊन काय सांगू, आमच्या पोरीला दवाखाना आवडत नाही?"

"तसंच सांग," गोदूबाई म्हणाली.

दोघे भाऊ तिच्याकडे बघायला लागले. गोदूबाई कातरलेली सुपारी डबीत भरत होती. "तुला समुंदर सोसत नव्हता तवा बाबाला काय सांगितलं व्हतं आमी? होडीत पडून ओकायचास. बाबा म्हनायचा, नामदेव तांडेलाचा पोरगा आनि पान्याला भितो, गावात तोंड कसं दाखवू. आत्मारामच गेला ना बाबाकडं. म्हनाला, याला होडीवर नको घेऊ, याला शाळेत ऱ्हाऊ दे. म्हनून तू आज साहेबासारखा पँट घालून बसलायस."

"माझं वेगळं होतं, बाय. मला जमतच नव्हतं. हिला जमतंय."

गोदूबाईने डबीचं झाकण लावलं. मंगलाला वाटलं, काका म्हणतो त्यात खोटं काही नव्हतं.

"जमलं असतं तर राहिला असतास होडीवर?" आत्मारामने विचारलं.

रामनाथने समोर पाहिलं. अंगणापलीकडे झावळ्यांखाली झाकलेली होडी दिसत होती. त्या होडीवर त्याचा कधीच जीव जडला नव्हता. तो सोळा वर्षांचा असताना, ज्या दिवशी समुद्र अगदी शांत होता आणि त्याला काहीही झालं नव्हतं, त्या दिवशीही तो किनारा कधी दिसतो याचीच वाट बघत होता. हे त्याने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा उलट्यांचंच कारण दिलं होतं.

"माहीत नाही, दादा," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "नसतो राहिलो बहुतेक."

 मग रामनाथ सावरून बसला. तो जास्त वेळ खचून बसणारा माणूस नव्हता. "केमिस्ट्री," तो स्वतःशी म्हणाला. "तसं वाईट नाही. आमच्या प्रकल्पाला पुढे केमिस्ट लागणारच. पाणी तपासायला लागतं, काय काय लागतं. घरचीच मुलगी, मी साहेबांच्या कानावर आत्ताच घालून ठेवतो. बी.एस्सी. झाली की थेट..."

"काका," मंगला म्हणाली, "ते पण आत्ताच नका कोणाला सांगू."

"का?"

"तुम्ही सांगितलं की परत ते ठरल्यासारखं होतं. मला आता फक्त एवढंच कळलंय की हे शिकावंसं वाटतं. पुढचं नाय माहीत."

रामनाथने तिच्याकडे बघितलं. त्याला वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यात थोडं हसूही आलं. "तू फारच मोजून बोलायला लागलीस गं," तो म्हणाला आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

घरामागे बोंबील वाळवायच्या वलांड्या पावसाळ्यामुळे रिकाम्या उभ्या होत्या. चंद्रकांता मागच्या पायरीवर बसून त्यांच्याकडे बघत होती. ओटीवरचं बोलणं तिला तुकड्यातुकड्यांनी ऐकू येत होतं, पण ती ऐकत नव्हती.

देवूच्या पायात शिंगाळा माशाचा काटा गेला होता. जाळं उपसताना असे काटे कोणाला ना कोणाला लागायचेच. तिने हळद आणि चुना बांधला. काही दिवस तो लंगडत हिंडला, आणि मग एका सकाळी त्याला तोंड उघडता येईना. खाडीला सुकती होती, पाणी ओसरल्याने तरीची होडी चालत नव्हती. चार माणसांनी त्याला खांद्यावर घेऊन चिखलातून पलीकडे नेलं. पालघरच्या डॉक्टरने बघितलं आणि धनुर्वात म्हणून सांगितलं, फार उशीर झाला म्हणाला. देवूला तेव्हा तेरावं चालू होतं.

त्यानंतर ती रडत राहिली. दिवस सरले, लोक यायचे बंद झाले, तरी थांबेना. एक दिवस मंगी मांडीवर येऊन बसली आणि म्हणाली, आये, मी डाक्टर होईन. चंद्रकांता तेव्हा रडायची जी थांबली, ती थांबलीच.

मंगला येऊन तिच्या शेजारी पायरीवर बसली. 

"तवा खोटं बोललीस?" चंद्रकांताने विचारलं.

"नाय, आये. तवा खरंच वाटलं. मी बोलले नि तू रडायची थांबलीस. मला वाटलं, हे बोललं की आय थांबते."

"मंग बोलत ऱ्हायलीस."

"हां. बोलत राहिले. मग मला पण ते खरंच वाटायला लागलं."

चंद्रकांताने पदराने पायरीवरची माती उगाच झाडली. "काय तरास हाय डाक्टर होण्यात? सगळे मान देतात. तुला सगळं येतं म्हनतो रामनाथ."

"आये, कोणाचं तरी पोर माझ्यापुढं असणार. देवूसारखं. नि माझं ध्यान घड्याळाकडं असणार. देवूला अशी डॉक्टर चालली असती का?"

हे वाक्य मंगलाने बेटेगावच्या रस्त्याने चालताना कितीतरी वेळा मनात जुळवलं होतं. याला आईजवळ उत्तर असणार नाही, असं तिला वाटत होतं.

चंद्रकांता तिच्याकडे वळली. "मला त्या दिवशी कसली पन चालली असती," ती म्हणाली. "घड्याळाकडं बघनारी चालली असती. मला शिव्या देनारी चालली असती. कोन तरी असायला पायजे व्हतं हितं, मंगी. बस."

 मंगलाने जुळवलेलं सगळं निरर्थक झालं होतं. आई म्हणत होती ते खरं होतं, आणि त्याने तिचं स्वतःचं खरं खोटं होत नव्हतं. दोन्ही तसंच राहणार होतं.

"मी नाय होऊ शकत ती, आये," ती शेवटी म्हणाली.

चंद्रकांताने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. मग तिचे खांदे हलायला लागले. आधी आवाज नव्हता. नंतर आवाज आला आणि ओटीवरची माणसं उठून मागच्या दारापर्यंत आली. "माजा देवू," एवढंच ती म्हणत होती, "माजा देवू गेला," जणू ही बातमी तिला आत्ताच कोणीतरी आणून दिली होती. गोदूबाई पुढे होऊ लागली तेव्हा आत्मारामने तिला अडवलं. त्याच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मंगला आईला कवेत घेऊन बसली. काही बोलून आईला थांबवायचं नाही, हे तिने ठरवलं होतं, आणि दहाव्या वर्षी बोलणं जितकं सोपं होतं तितकंच आता न बोलणं जड जात होतं.

पुढचे दिवस घर शांत होतं. चंद्रकांता स्वयंपाक करायची, वाढायची, मुलीशी कामापुरतं बोलायची. रामनाथने बोयसरला जाऊन डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, आधी कळलं हे बरं झालं. मुंबईचा बेत मोडला.

सोमवारी पालघरला प्रवेशासाठी जायचं होतं. आत्माराम सदरा घालून तयार झाला, तर चंद्रकांता चांगलं लुगडं नेसून आधीच अंगणात उभी. "तुमी जाळी बघा," ती म्हणाली, "मी जाते." वाटेत तरीत आणि एस.टी.त मिळून ती तीन-चार वाक्यंच बोलली. त्यातलं एक असं होतं, "ते रसायन म्हंजे औषधाचंच अस्तं का?" मंगला म्हणाली, "औषधाचं पण अस्तं. मिठाचं पण." चंद्रकांताने पुढे विचारलं नाही.

कॉलेजच्या कचेरीत गर्दी होती. बऱ्याच मुलांबरोबर वडील आले होते आणि वडीलच बोलत होते. खिडकीतल्या कारकुनाने मंगलाचे मार्क बघितले, चष्मा वर केला आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या चंद्रकांताकडे बघून म्हणाला, "एवढे चांगले मार्क आहेत, बाई. मेडिकलला का नाही पाठवत मुलीला? मुख्य विषय कुठला टाकू? घरात काय ठरलंय तुमचं?"

चंद्रकांताने एकदा मुलीकडे बघितलं.

"मला नका इचारू," ती म्हणाली. "तिला इचारा."

आणि ती खिडकीपासून बाजूला झाली. भिंतीकडेच्या बाकावर दोन बायकांच्या मध्ये जागा होती, तिथे जाऊन बसली.